पोराला सरळ "मेले" का सांगितलं

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, आणि तुम्हीच नाही, मोठ्या नणंदेपासून शाळेतल्या बाईंपर्यंत सगळ्यांचं विचारून झालंय, की सहा वर्षांच्या पोराला "पप्पा मेले" असं तोंडावर कसं सांगवलं तुला, देवाघरी गेले म्हणायचं ना.

म्हटलं होतं की सगळ्यांनी. देवाघरी गेले, गावाला गेले, झोपलेत. झोपलेत म्हटल्यापासून मी दुपारी जरा आडवी झाले की तो मला हलवून उठवायचा. त्याला पप्पांना शेवटचं लांबून तरी बघू द्या असं मी म्हणाले होते, तर सासूबाई म्हणाल्या, "धाकला शे अजून, त्याले काय समजस?" त्यांना मी दोष देत नाही, त्यांचा तर मुलगा गेला होता.

दहाव्यानंतर एका दुपारी पोरगा घरात दिसेना. ऊन असं की ओट्यावर पाय ठेववत नव्हता. जेठ शोधत शोधत स्टँडवर गेले तर हा जळगावच्या गाडीजवळ उभा, कारण पप्पा गेले त्या रात्री त्यांना जळगावलाच नेलं होतं. दप्तरातली पुस्तकं काढून त्यात पप्पांचा शर्ट आणि मोबाईलचा चार्जर भरला होता. म्हणे पप्पा चार्जर विसरून गेले म्हणून त्यांचा फोन येत नाही.

त्या रात्री गच्चीवर मी सांगितलं. पप्पा कुठल्याच गावाला गेले नाहीत, त्यांचं हृदय बंद पडलं, डॉक्टरांना ते चालू करता आलं नाही, ते मेले. मेलेलं माणूस परत येत नाही, त्याला दुखत नाही, भूक लागत नाही. तो खूप वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मी सायकलसाठी रडलो म्हणून?" इतके दिवस हे पोटात घेऊन पोरगा फिरत होता आणि आम्ही म्हणत होतो लहान आहे, विसरेल! नाही रे बाळा, कोणाच्या रडण्याने कोणी मरत नाही, हे तेव्हापासून किती वेळा सांगितलं असेल.

सकाळी तो गल्लीत क्रिकेट खेळत होता तर लोक म्हणाले, बघा, याला काही नाही. अहो लहान मुलं अशीच, थोडं रडतात, खेळायला जातात, आठवड्याने पुन्हा तोच प्रश्न घेऊन येतात. मेलेलं माणूस परत येत नाही हे साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान हळूहळू उमजतं, तोवर गावाला गेले म्हटलं की ती खरंच वाट बघतात. कोणाला बोलायचं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, रात्रीसुद्धा लागतो, मराठीत बोलतात.

पण सगळं जमलंय असंही नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरली, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवलं, आमरस-पुरणपोळीची आघारी, म्हणजे पितरांचा नैवेद्य, विस्तवावर टाकत होतो तर सगळ्यांसमोर म्हणाला, "तू तर म्हणाली भूक लागत नाही, मग हे कोणासाठी?" आपल्याला आठवण येते म्हणून, म्हटलं. "म्हणजे ते खाणार नाहीत?" मी नाही म्हणाले. सासूबाई उठून आत गेल्या. त्यांच्यासमोर "नाही" असं म्हणायला हवं होतं का? घागर तर मीसुद्धा मनापासूनच भरते. पुढच्या आखाजीला तो परत विचारेल आणि तेव्हा काय सांगायचं ते माझं अजून ठरलेलं नाही.

तुम्हाला माझं पटलं नाही तरी चालेल. फक्त तो तुमच्याकडे आला की पप्पांचं नाव टाळू नका, त्यांच्या गोष्टी सांगा, त्याला आवडतात. आणि गावाला गेलेत म्हणू नका.