तुम्ही विचारलंत म्हणून: हे सगळं जुनं पितळ इंडियातून आणता का?

इंग्लंडात अँटिकच्या फेअरला मी जुन्या भारतीय पितळेचा स्टॉल लावते, तिथे हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसं विचारतात. इंग्लिश गिऱ्हाईक विचारतं तेव्हा त्याला 'हो' ऐकायचं असतं, घरी पाहुण्यांना सांगायला बरं पडतं. आपली मंडळी विचारतात तेव्हा मात्र आवाज खाली येतो, इकडेतिकडे बघून, "अहो पण कस्टमवाले सोडतात का हो?" मागच्या फेअरला लेस्टरच्या एका काकांनी हेच विचारलं, तेव्हा स्टॉलवर गर्दी होती म्हणून नुसती हसले. तर काका, आता सांगते.

नाही आणत. आणता येतच नाही. आपल्याकडे १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहे, १०० वर्षांवरची वस्तू कुणा खासगी माणसाने देशाबाहेर न्यायची नाही, हस्तलिखित असेल तर ७५ वर्षांवरचं, आणि सापडलात तर कमीत कमी ६ महिने आत.

मग टेबलभर पितळ आलं कुठून? तर इथूनच. साहेब लोक रिटायर होऊन परत आले तेव्हा ट्रंका भरभरून आणलेलं. पानाचे डबे, ज्यात मडमेने सुया-दोरे ठेवले. समया, ज्यांना मधोमध भोक पाडून वायर घालून टेबललॅम्प केले (असा लॅम्प दिसला की मी अजून तोंडातल्या तोंडात शिव्या देते). आता त्यांची नातवंडं-पणतवंडं घर रिकामं करतात, हाउस क्लिअरन्सवाला व्हॅन घेऊन येतो, तो माल ऑक्शनला जातो, तिथून मी उचलते. हातोडा पडतो त्या किमतीवर ऑक्शनवाला स्वतःचं कमिशन वेगळं लावतो, ते मी पहिल्या वर्षी हिशोबात धरलंच नव्हतं आणि अर्धा माल नुकसानीत विकला, ते जाऊ दे.

आणि फेअर म्हणजे तुम्हाला हॉलमधलं प्रदर्शन वाटत असेल तर तसं नाही. न्यूअर्क, नॉटिंगहमशायरमधलं. ८४ एकरांचं मैदान, २,५०० पर्यंत स्टॉल, वर्षातून ६ वेळा. जागा जुन्या लष्करी विमानतळाची, शेजारी विमानांचं म्युझियम, त्यामुळे वारा अडवायला काही म्हणता काही नाही. गॅझेबोच्या, म्हणजे स्टॉलवरच्या घडीच्या तंबूच्या, चारी पायांना पाण्याचे कॅन बांधायचे, तरी फेब्रुवारीत एकदा माझं छप्पर शेजाऱ्याच्या चिनीमातीवर जाऊन बसलं, नशीब एकच बशी फुटली. खरा धंदा गेट उघडायच्या आधीच होतो, व्हॅनमधून खोकी उतरत असतानाच आम्ही डीलर लोक टॉर्च घेऊन एकमेकांच्या खोक्यात डोकं घालतो, तिथे वाक्य एकच, "व्हॉट्स युअर बेस्ट?" म्हणजे आपलं "नीट सांगा की हो". पब्लिक येतं तोवर चांगला माल दोनदा हात बदललेला असतो.

आता गंमत ऐका. इंडियातून येणारा माल पण इथे आहे, भरपूर आहे, फक्त तो 'इंग्लिश' असतो! पितळी दुर्बिणी, होकायंत्रं, सेक्स्टंट (सूर्य-तारे बघून बोट कुठे आहे ते काढायचं यंत्र), वर लंडनच्या एखाद्या कंपनीचं नाव आणि १९१७ साल कोरलेलं. हे बनतं रुरकी आणि मुरादाबादला. रिप्लिका म्हणून विकतात तोवर माझी काहीच तक्रार नाही, कारागिरी चांगलीच असते, पण मध्ये कुणीतरी लेबल काढतं आणि गोरा माणूस आजोबांच्या बोटीवरची म्हणून घेऊन जातो. म्हणजे इंडियन अँटिक घ्यायचं तर इंग्लंडात या, आणि इंग्लिश अँटिक लागलं तर रुरकीला जा. कसं ओळखायचं? अक्षरं बघा. खरं कोरीवकाम हाताच्या वापराने गुळगुळीत झालेलं असतं आणि झीज जिथे बोट लागतं तिथेच असते. खोटा माल सगळीकडून सारखाच काळा.

म्हणूनच मी पितळ घासत नाही. आपल्या बायका आल्या की हमखास, "अहो चिंच लावा, कसं लख्ख होईल!" लख्ख होईल ताई, आणि किंमत निम्मी होईल.

दोन गोष्टींना मी हात लावत नाही. एक, देवाच्या मूर्ती. १९७८ साली तमिळनाडूतल्या देवळातून चोरलेले राम-लक्ष्मण-सीता इथे इंग्लंडात एका माणसाकडे निघाले, त्याने बिचाऱ्याने सरळ मनाने विकत घेतले होते, २०२० मध्ये इथल्या भारताच्या हायकमिशनला परत दिले. मला ती झोपमोड नको. दुसरं हस्तिदंत. यातला एकच अपवाद मी केलाय, बॉम्बे बॉक्स म्हणतात ती चंदनी पेटी, वर सडेली काम, म्हणजे हस्तिदंत, शिंग, कथील यांच्या बारीक चकत्यांची नक्षी, आपल्या मुंबईत बनायची. २०२२ पासून इथे हस्तिदंताची विक्री बंद आहे, अशा पेटीला सूट हवी तर वस्तू १९४७ च्या आधीची आणि हस्तिदंत १० टक्क्यांच्या आत, तेही २० पौंड भरून नोंदणी करून. केली, पेटी विकली, परत नाही करणार.

काकांनी जाता जाता आणखी एक म्हटलं होतं, "आपलं सगळं लुटून नेलं हो यांनी." आता कोहिनूर वगैरे मी बोलत नाही. पण माझ्या टेबलावरचं बहुतेक सगळं पैसे देऊन घेतलेलं, बरंचसं तर साहेबांसाठीच बनवलेलं. आणि आमच्या सांगलीच्या घरातलं घंगाळ, दोन हंडे, आजीचा पितळी डब्यांचा अख्खा सेट कुणी साहेबाने नेला नाही, आईने मोडीत घातला, किलोवर, आणि स्टीलची भांडी घेतली. मी तेव्हा तराजूपाशीच उभी होते, नवीन चकचकीत डबे बघून टाळ्या वाजवत.

तीन वर्षांपूर्वी न्यूअर्कलाच एका स्टॉलवर तांब्या दिसला. चिठ्ठीवर लिहिलेलं, देवळातलं पात्र, संस्कृत मंत्र, ४० पौंड. उचलून बघितला तर काठाला ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं, आपल्याकडे भांड्यांवर घालतात तसं. नाव झिजलंय, पुढचं स्वच्छ वाचता येतं: 'हिस मामाकडून'. मी तिथे उभी राहून इतकी हसले की विकणारा घाबरला, ३० ला दिला.

मी ६५ लावले. गिऱ्हाईक विचारायचं काय लिहिलंय, मी खरं सांगायचे, लग्नात मामाने भाचीला दिलेला. "ओह, जस्ट अ फॅमिली पॉट," म्हणून खाली ठेवायचं. मंत्र आहे म्हटलं असतं तर त्याच दिवशी गेला असता. दोन फेअर असं झालं, तिसऱ्या वेळी मी चिठ्ठीच काढून टाकली. आता त्यात सुट्टे पैसे ठेवते. काका, तुम्हाला पाच पौंड परत दिले ना, ते त्यातलेच.