परांची

जर्मनीतल्या कोलोनच्या रेल्वे स्टेशनातून बाहेर पडल्यावर कॅथीड्रल कुठे आहे, असं कुणाला विचारावं लागत नाही. दार ओलांडायचा अवकाश, ते समोर उभं. आणि इतकं जवळ की कॅमेऱ्यात मावत नाही. दुपारची वेळ होती. कुणी मागे मागे सरकत होतं, कुणी गुडघ्यावर बसलं होतं, एक जण तर चक्क फरशीवर आडवा होऊन फोटो घेत होता. आमच्या गटातले एक काका मात्र फोन खिशात घालून, कंबरेवर हात ठेवून उभे. म्हणाले, "एवढे पैसे खर्चून आलो, आणि ह्यांनी नेमकी आत्ताच परांची बांधून ठेवलीय!"

नेमकी आत्ताच नाही, काका. इथे परांची कायमची. एका कोपऱ्यावरून उतरते, दुसऱ्यावर चढते. कॅथीड्रलचा स्वतःचा कारखाना आहे. पाथरवट, लोहार, काचकाम करणारे, छत दुरुस्त करणारे, सगळे तिथेच नोकरीला. हे काम संपेल त्या दिवशी जग बुडेल, असं कोलोनचे लोक म्हणतात. म्हणताना चेहऱ्यावर काळजी अजिबात नसते.

मला तर पुऱ्या झालेल्या इमारतींपेक्षा अर्धवट इमारतीच जास्त आवडतात. लहानपणी आमच्या समोरच्या घराच्या गच्चीवर, खांबांच्या डोक्यातून लोखंडी सळया वर आलेल्या होत्या. वरचा मजला चढवायचा म्हणून ठेवलेल्या. मजला दरवर्षी 'पुढच्या वर्षी' चढणार असे. सळया गंजून तपकिरी झाल्या, त्यांना कपडे वाळत घालायची दोरी बांधली गेली, आमचे पतंग त्यांच्यातच अडकत. कुणीतरी एका सळईवर फुटकी बादली पालथी घातली होती, ती कित्येक वर्षं तशीच. आमच्या घराचा पत्ता सांगताना आई 'सळयांच्या घरासमोर' असं सांगायची. शेवटी एकदा मजला चढला, गुलाबी रंग लागला, आणि पाहुणे चुकायला लागले.

कोलोनमध्ये हेच झालं, फक्त जरा जास्त काळ. १२४८ साली पायाचा दगड बसला. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या अस्थी मिलानहून इथे आणून तोवर ऐंशीएक वर्षं झाली होती. यात्रेकरूंची रीघ लागलेली, त्यांना साजेसं मोठं देऊळ हवं होतं. काम उत्साहात सुरू झालं, मग रेंगाळलं, आणि सोळाव्या शतकात पार थांबलं. दक्षिणेचा मनोरा अर्ध्यावरच राहिला, आणि त्याच्या टोकावर दगड वर ओढायची लाकडी क्रेन. ती कुणी उतरवलीच नाही. चारशे वर्षं ती तिथे उभी होती! जन्माला आलेल्या पोराने मान वर केली की क्रेन, म्हातारपणी मान वर केली तरी क्रेन. जुन्या चित्रांत शहर दुरून ओळखू येतं ते तिच्यामुळेच. एकोणिसाव्या शतकात तिची पुढे आलेली चोच कुजली म्हणून काढली, तर १८१९ मध्ये नवी बसवली. बांधकाम बंद, तरी क्रेनची डागडुजी. त्या गावाबद्दल मला प्रेम वाटायला एवढं पुरेसं आहे.

पुढची गोष्ट तर मी उगाचच सगळ्यांना सांगत सुटतो. दर्शनी भागाचा मध्ययुगीन नकाशा, चामड्यावर काढलेला, चारेक मीटर उंचीचा, हरवला होता. त्याचा अर्धा भाग १८१४ मध्ये डार्मश्टाटला सापडला. एका खाणावळीच्या माळ्यावर त्याच्यावर शेंगा वाळत घातल्या होत्या, असं सांगतात. उरलेला अर्धा दोन वर्षांनी पॅरिसमध्ये. मग १८४२ मध्ये पुन्हा काम सुरू झालं, १८६८ मध्ये क्रेन उतरली, १८८० मध्ये दोन्ही मनोरे पुरे झाले. १५७ मीटर. त्या वेळी जगात त्याहून उंच बांधकाम नव्हतं. पूर्णत्वाचा सोहळा झाला तेव्हा तेव्हा तिथे राज्य करणाऱ्या प्रशियाच्या सरकारशी भांडण झाल्यामुळे शहराचे आर्चबिशप, म्हणजे मुख्य धर्मगुरूच परागंदा होते. सहाशे वर्षं थांबले, आणखी थोडी कळ काढता आली नसती?

आत गेलो. लाल झगा घातलेल्या एका गृहस्थांनी खुणेनेच टोपी काढायला सांगितली. वर ४३ मीटरवर छत. मान दुखेपर्यंत पाहिलं, मग इतरांप्रमाणे मीही भिंतीच्या कडेने फिरत राहिलो.

भिंतीत एक उंच शिळा आहे. लॅटिन अक्षरं, दाटीवाटीने कोरलेली. १२६६ मध्ये तेव्हाच्या आर्चबिशपांनी शहरातल्या ज्यूंना दिलेली सनद: आपल्या दफनभूमीत त्यांनी आपली माणसं पुरावीत, त्यावर जादा कर पडणार नाही, तिथे कुणाला देहदंड दिला जाणार नाही. सगळ्यांना दिसावं, कुणाला नाकारता येऊ नये, म्हणून दगडात. १३४९ मध्ये ज्यूंच्या वस्तीवर जमाव गेला आणि माणसं मारली गेली. पुढे पुन्हा काही जण राहायला आले, त्यांनाही १४२४ मध्ये घालवून दिलं. आणि ह्याच इमारतीत, पाद्र्यांच्या बसायच्या लाकडी बाकांवर, डुकरिणीबरोबर ज्यूंची विटंबना करणारं कोरीवकाम आहे, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं. नक्षी फार सुबक.

शिळा जागेवर आहे, बाकंही जागेवर आहेत. दोन्हींची निगा त्याच कारखान्याकडे असणार.