जुना जिना, मागचं अंगण

ज्याचा आराखडा मी करतेय, त्या जुन्या दुमजली घराच्या जिन्यावर काल पुन्हा उभी होते. लाकडी पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झाल्यात. मालकांना सगळं पाडून सात मजले हवेत, शेजाऱ्यांना एक वीटही हललेली नको. मला दोघांचंही पटत नाही.

स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर घरं वाढायलाच हवीत. नाहीतर माणसं शहराबाहेर ढकलली जातात आणि रोज प्रवासात पिचतात. पण पाडून नवं बांधणं फुकट नसतं. जगभरात माणसांमुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ८ टक्के एकट्या सिमेंटपायी जातो.

‘भिंत कुजलीय’ असं मालक म्हणाले, म्हणून बोटानं टोकरून पाहिलं. चुन्यातल्या जुन्या विटांवर कुणीतरी सिमेंटचा गिलावा चढवलाय. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंटनं ती आत कोंडली. भिंत नव्हे, दुरुस्ती कुजकी! (हे मोठ्यानं बोलायला नको होतं.)

माझा आराखडा असा: पुढचं घर ठेवायचं, मागच्या अंगणात स्वतंत्र पायावर चार मजले. नुसता दर्शनी भाग मुखवट्यासारखा राखून मागे टॉवर, हे मला जमणार नाही. अडचण आहे ती अंगणातल्या झाडाची. मुळं कुठवर गेलीत ते बघायला सोमवारी हातानंच खणणार आहोत.