लोकशाही दिन, सोमवारी सकाळी

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सरकारी ऑफिसात लोकशाही दिन असतो, म्हणजे आपली तक्रार थेट साहेबांपुढे मांडायचा दिवस, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं, ते पण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. मग बाकीचे दिवस कशाचे असतात, हा जोक ग्रुपवर तीनदा झाला त्यामुळे मी परत करत नाही. (केलाच की.)

विषय तसा साधा होता. नाशिकमध्ये इंदिरानगरला आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर संध्याकाळी भाजीवाले बसतात, त्याच वेळी क्लासची पोरं, रिक्षा, स्कूटी सगळं एकदम येतं, फूटपाथ असून नसल्यासारखा, आणि पावसाळ्यात शेजारच्या बिल्डिंगमधले आजोबा तिथेच घसरून पडले. मग काय, ठरलं, निवेदन द्यायचं. साठ सह्या झाल्या. लोकशाही दिनाचा अर्ज ठराविक नमुन्यात, दोन प्रतींमध्ये, पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, आणि कोर्टात चालू असलेलं प्रकरण किंवा नोकरीतल्या तक्रारी तिथे चालत नाहीत, हे सगळं आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी शोधून काढलं. काकू रिटायर्ड शिक्षिका, त्यामुळे अर्जात शुद्धलेखनाची एक चूक नव्हती.

कुठलं ऑफिस ते लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांवर माझा राग नाहीये. अर्धी रजा टाकून गेलो, टोकन घेतलं, दोन तास बसलो, आमचा नंबर आला आणि तीन मिनिटांत संपला पण. साहेबांनी नीट ऐकलं, मान डोलावली, खालच्या माणसाला काहीतरी सांगितलं. महिन्याने पत्र आलं, आपले निवेदन नियमोचित कार्यवाहीस्तव संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे. ते पत्र मी दोनदा वाचलं. हो पण नाही, नाही पण नाही. नाही म्हटलं असतं तर निदान का नाही असं विचारता आलं असतं ना.

आता खरी गंमत पुढे आहे. ते पत्र हातात घेऊन काकू कोपऱ्यावर उभ्या होत्या आणि मेथी निवडून घेता घेता त्यांनी भाजीवाल्या मावशींना सगळं सांगितलं. मावशी गिरणाऱ्याकडून येतात, वीसेक वर्षं तिथेच बसतात. त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही साठ जणांनी सह्या केल्या, मला नाही विचारलं ते. मी कुठं बसू मग?" काकू गप्प. मला घरी येऊन सांगितलं तेव्हा मी पण गप्प. कारण आम्ही स्वतःला नागरिक म्हणवत होतो आणि मावशींना अडथळा, आणि हे अर्जात लिहिताना आमच्यातल्या एकालाही खटकलं नव्हतं.

त्या रात्री मी पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा काढून वाचला. त्यात स्पष्ट आहे की शहरात पथविक्रेता समिती असावी आणि तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांनी स्वतः निवडून दिलेले असावेत, त्यातल्या एक तृतीयांश बायका. शिवाय रहिवाशांच्या संघटना, पोलीस, पालिका, सगळे एकाच टेबलावर. म्हणजे जे भांडण आम्ही साहेबांकडे घेऊन गेलो ते कुणी कुणाशी बसून सोडवायचं हे संसदेने आधीच लिहून ठेवलंय.

आणि ही एकच गोष्ट नाही हो. शहरांच्या स्थानिक कारभाराची ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे, प्रभाग समित्या त्यातूनच आल्या. महापालिकेच्या कायद्यात क्षेत्रसभा आहे, म्हणजे आपल्या भागातल्या मतदारांची सभा, नगरसेवकाने दोन वर्षांत किमान चार घ्यायच्या. तुम्ही कधी गेलात का क्षेत्रसभेला? मी नाही गेलो. गावात ग्रामसभा निदान होते तरी, भांडणं होतात, सरपंच घामाघूम होतो, रागावून उठून जातात लोक, पण होते. शहरात आपण नगरसेवकाला वाढदिवसाच्या बॅनरवर भेटतो. आणि नाशिकमध्ये तर मार्च २०२२ पासून नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, थेट जानेवारी २०२६ मध्ये मतदान झालं. जवळजवळ चार वर्षं विचारायचं कुणाला हाच प्रश्न.

आमच्या नाशिकच्याच तपोवनाचं बघा. २०२७ च्या कुंभमेळ्यासाठी तिथे साधुग्राम, म्हणजे साधूंच्या मुक्कामाची जागा, त्यासाठी झाडं काढायची, नोटीस लागली, हरकती मागवल्या, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लोक झाडांना मिठ्या मारून उभे होते. साधूंची सोय हवीच, मी काही त्याच्या विरोधात नाही, पण कुंभ बारा वर्षांनी येतो, तो काय अचानक येत नाही. हरकत म्हणजे काय, तर तुम्ही नकाशा आखून झाला आणि आता मला विचारताय. त्या पायरीवर माणसाला फक्त हो किंवा नाही म्हणता येतं, तिसरं काही सुचवायला जागाच नसते. आणि मग सरकारला वाटतं लोक सारखे विरोधच करतात. भाषेचं पण तेच. २०२० मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाचा केंद्राचा मसुदा हिंदी-इंग्रजीत आला तेव्हा तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत द्या हे सांगायला दिल्ली हायकोर्टात जावं लागलं. सूचना मागवायच्या आणि मसुदा कळू द्यायचा नाही, याला काय म्हणायचं!

असो, कोपऱ्यावर येतो परत.

काकूंनी दुसरी मीटिंग ठरवली, सोमवारी सकाळी नाही, कारण सोमवारी सकाळी मावशी येणार कशा. शनिवारी रात्री साडेनऊला, भाजी उचलल्यावर, तिथेच फूटपाथवर. मावशी, अजून चार भाजीवाले, एक रिक्षावाले भाऊ, आम्ही सात-आठ. साठातले बाकीचे आले नाहीत, दोघांनी ग्रुप सोडला, आता यांचीच बाजू घ्या म्हणाले. आणि नवल म्हणजे काकूंनी चार फोन केल्यावर पालिकेचे एक ज्युनिअर इंजिनिअर आले. सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या बाईकवर. आम्ही म्हणत होतो भाजीवाल्यांना पलीकडच्या मोकळ्या पट्ट्यात हलवा, तर ते म्हणाले तिथे पाण्याच्या लाईनचा व्हॉल्व्ह आहे, दर आठवड्याला उघडावा लागतो, म्हणून ती जागा देता येत नाही. बस. एवढंच. हे एक वाक्य त्या पत्रात असतं तर आमचे तीन महिने वाचले असते. मग मावशी म्हणाल्या व्हॉल्व्हच्या अलीकडे सहा जण मावतील, दोघं शाळेच्या भिंतीला बसतील, टेम्पो पाचच्या आत खाली करून घेऊ. आम्ही म्हटलं आमच्या गाड्या कोपऱ्यावर लावणार नाही, कारण निम्मी अडचण आमच्याच गाड्यांची होती हे त्या रात्री पहिल्यांदा मोठ्याने बोललं गेलं.

काकूंनी सगळं शंभर पानी वहीत लिहिलं, कोण काय म्हणालं, काय जमणार नाही आणि का जमणार नाही, खाली तारीख आणि सगळ्यांच्या सह्या. मावशींनी पण सही केली, अंगठा नाही, सही. माझं आता असं ठाम मत झालंय की सरकारशी संवाद संवाद जो म्हणतात तो या "का जमणार नाही" वाल्या ओळीत असतो.

कोपरा आता बरा आहे, छान नाही, बरा. गुरुवारी अजून गोंधळ होतोच, आणि एका काकांनी गाडी परत तिथेच लावायला सुरुवात केलीये.

आणि मागच्या महिन्यात त्या इंजिनिअरची बदली झाली. नवीन साहेब आले, त्यांना काहीच माहीत नाही, म्हणाले तुम्ही एक निवेदन द्या ना. काकूंनी पिशवीतून वही काढून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी उभ्या उभ्या पान वाचलं, मग मोबाईल काढून त्याचा फोटो घेतला आणि विचारलं, "हा व्हॉल्व्ह नक्की कुठाय?"

मावशी उठल्या दाखवायला.