उजव्या डोळ्याची विंग टिकली! (आणि फोटोत नवीनच भानगड)

मैत्रिणींनो, टिकली! मंगळवारी पार्ल्याला आमच्या ग्रुपची मंगळागौर होती, चार तास झिम्मा, फुगडी, पिंगा सगळं झालं, बाहेर धो धो पाऊस आणि आत नऊवारीत घामाच्या धारा, आणि घरी येऊन बघते तर उजवी विंग, म्हणजे आयलायनरची कोपऱ्यातून वर काढलेली शेपूट, जिथल्या तिथे. वरच्या कातडीवर लायनरचा शिक्का नाही. नथसुद्धा काढली नव्हती, आधी मोबाईलचा टॉर्च लावून डोळा बघितला.

ज्यांनी मागचं वाचलंय त्यांना माहितीये, एप्रिलपासून माझं सगळं घोडं या एका डोळ्यापाशी अडलेलं. डावा डोळा शहाणा आहे. उजवीकडची पापणीवरची कातडीची घडी मात्र साठीनंतर चांगलीच खाली आलीये, सरळ समोर बघितलं की पापणी जेमतेम दोन मिलिमीटर दिसते आणि बाहेरच्या कोपऱ्यात तर घडी थेट लॅशेसवर टेकते. (पापणी म्हणजे इथे कातडी, केसांना मी लॅशेसच म्हणते, नाहीतर दोन्हीला पापणी म्हणून गोंधळ होतो.) माणूस मिनिटाला साधारण १५ वेळा तरी डोळे मिचकावतो, म्हणजे चार तासांत ३६०० वेळा ती घडी लायनरवर टेकून उठणार. मग रेघेचा उलटा छाप वर उमटतो, रबरी शिक्का मारावा तसा, आणि मुंबईच्या दमट हवेत तर तासाभरातच.

लिक्विड लायनर केव्हाच सोडलं. वॉटरप्रूफ जेल पेन्सिल बरी, पण ती बसायला मिनिटभर लागतं आणि मी घाईत लगेच वर बघायचे, तिथेच पहिला शिक्का पडायचा. टेप लावून विंग काढायचा प्रकार दोनदा केला, आता कोणी कितीही सांगू दे, नाही करणार. पापणीची कातडी अख्ख्या अंगात सगळ्यात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्यात आपल्या वयात कोलॅजन कमी झालेलं, टेप ओढली की दिवसभर लाल. काजळ लावतानासुद्धा डोळा ताणून धरायची आपली सगळ्यांची जुनी सवय आहे ना, ती पण सोडा असं मी मनापासून सांगेन, कोपर टेबलावर टेकवा, हात आपोआप स्थिर राहतो.

तर खरा चोर कुठे सापडला ते सांगते. सनस्क्रीन! मागच्या महिन्यात एका रविवारी घाईत भुवईखाली सनस्क्रीन लावायचं राहिलं आणि त्या दिवशी शिक्का निम्म्याने कमी. मला वाटलं योगायोग असेल. मग सोमवारी मुद्दाम उजव्या डोळ्याला भुवईपर्यंत सनस्क्रीन आणि डाव्याला फक्त डोळ्याभोवतीच्या हाडाच्या कडेपर्यंत, लायनर दोन्हीकडे तेच, दादरपर्यंत लोकलने जाऊन भाजी घेऊन परत. उजवीकडे पूर्ण छाप, डावीकडे काही नाही. दुसऱ्या दिवशी उलट केलं तर शहाण्या डाव्या डोळ्यालासुद्धा छाप! म्हणजे मी इतके महिने पापणीवर प्रायमर (मेकअप धरून ठेवणारा बेस) थापत होते आणि वरून सनस्क्रीनचं तेल घडीत उतरून सगळं विरघळवत होतं. आय क्रीमचंही तेच होणार, म्हणून ती आता फक्त रात्री. दिवसा डोळ्यांना ऊन लागू नये म्हणून गॉगल वापरते, बाहेर जाताना आता तो पर्समध्ये असतोच.

मग क्रम बदलला. आधी टिश्यूने पापणी आणि घडीची वरची बाजू दोन्ही टिपून घ्यायची. प्रायमर तांदळाच्या दाण्याएवढा, दोन डोळ्यांत मिळून, आणि तो घडीच्या वरसुद्धा, कारण शिक्का दोन पृष्ठभागांमध्ये होतो, एकच कोरडा करून भागत नाही. वरून ट्रान्सल्यूसंट, म्हणजे बिनरंगी, पावडर. मग पेन्सिल, मान खाली घालून मनात साठपर्यंत आकडे, आणि त्यावर तशाच रंगाची मॅट (बिनचमकीची) आयशॅडो तिरक्या ब्रशने दाबून बसवायची. घासायची नाही, दाबायची.

आकाराचं पण सांगायला हवं. डोळा मिटून काढलेली विंग डोळा उघडला की घडीत शिरते आणि मोडलेली दिसते, म्हणून डोळा उघडा, समोर सरळ नजर, चेहरा सैल, आणि आधी तीन ठिपके. एक लॅशेसच्या टोकाशी, एक जिथे शेपूट संपायला हवी तिथे, एक घडीच्या वर. मग ते जोडायचे. मिटलेल्या डोळ्यावर ती रेघ वटवाघळाच्या पंखासारखी खाचेची दिसते, घाबरू नका, उघडल्यावर सरळ होते. मला खाच जमायला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी गॅलरीच्या उजेडात दोन्ही डोळे सारखे दिसले तेव्हा मी चहा ठेवून नुसती आरशापुढे बसून होते, चहा गार.

आरशाचं म्हणाल तर पाचपट मोठा दाखवणारा हवाच, चष्मा काढला की आपल्याला काही दिसत नाही आणि घातला की ब्रश आत जात नाही. पण त्यात एका वेळी एकच डोळा दिसतो, म्हणून ठिपके साध्या आरशात हातभर लांबून बघून घ्यायचे. आणि ट्यूबलाइटखाली नाही, खिडकीशी.

मस्कारा ट्यूबिंगवालाच, यावर मी ठाम आहे. तो प्रत्येक लॅशभोवती बारीक नळी करून बसतो, तेलाने पसरत नाही आणि रात्री कोमट पाण्याने अख्ख्या नळ्या हातात येतात, चोळायला लागत नाही. ऑनलाइन मागवलेला एक तर सील उघडतानाच घट्ट निघाला, खोक्यावरची तारीख जुनी, परत घ्यायला तयार नाहीत, तेव्हापासून मी क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीतूनच आणते, तारीख डोळ्यांनी बघून, शेड मनगटावर लावून. उघडला की तीन महिन्यांत फेकायचा, महाग असला तरी.

माझ्या मावशीचं थोडक्यात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डॉक्टर हो म्हणेपर्यंत तिच्या डोळ्यांना ब्रश लागणार नाही, आणि तिचा जुना मस्कारा, काजळ मी सगळं टाकून दिलं. पण गंमत बघा, डोळ्यातलं पिवळं पडलेलं भिंग गेलं तसे तिला निळे रंग एकदम लख्ख दिसायला लागलेत, इतकी वर्षं आवडीने लावलेली शॅडो बघून म्हणाली, "अगं, ही एवढी निळी होती होय?" आता तिच्यासाठी मातकट रंग शोधायचेत.

आणि आता भानगड. बुधवारी ग्रुपवर फोटो आले. विंग सुरेख, पण घडीच्या वर दोन्हीकडे पांढरे डाग! ती ट्रान्सल्यूसंट पावडर, त्यातली सिलिका फ्लॅशमध्ये पांढरी उजळते. समोरून कोणालाच दिसलं नव्हतं, फोटोत सगळ्यांना दिसलं. मला फार वाईट वाटलं, चार महिने घालवलेत यावर.

ठरवलं होतं की पावडर निम्मी करून बघायची. पण थांबा, हे टाइप करतानाच डोक्यात आलं, घडीच्या वर मी ट्रान्झिशन शेड (घडीवरची मधली सावलीची आयशॅडो) लावतेच ना, मॅट तपकिरी, ती पण पावडरच आहे! मग पांढरी पावडर हवी कशाला? प्रायमरवर थेट तीच दाबून बसवली तर घडी कोरडीही राहील आणि जड पापणीला सावलीही मिळेल, दोन कामं एकात. चमकवाली शेड तिथे अजिबात नको, सुरकुत्यांत बसून प्रत्येक रेघ उठून दिसते, ती आतल्या कोपऱ्यात टिकलीएवढीच.

म्हणजे गौरीच्या हळदीकुंकवाला जो स्मोकी, म्हणजे गडद धुरकट डोळ्यांचा मेकअप करणार होते तो आता नाही, फक्त तपकिरी घडी आणि छोटी विंग. उद्या सकाळी उजव्या डोळ्याला शॅडो, डाव्याला पावडर, चार तास स्वयंपाकघरात गॅससमोर, आणि मग सुनेला सांगून फ्लॅश मारून फोटो.