एम1टीआरसाठी घरगुती मिस्ट कुलंट: नोझल जमलं, थेंब ताब्यात आला

मिस्ट, म्हणजे हवेच्या झोताने कटरवर फवारलेलं कुलंट, आता खऱ्या कामाला लागलंय. जालन्यातल्या माझ्या शेडमधल्या एम1टीआर मिलिंग मशीनवर 6061 अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटमध्ये 5 मिमी खोल खाच मारली. कटर 10 मिमीचा, दोन फ्लूटचा (दोन धारांचा), एचएसएस म्हणजे हाय-स्पीड स्टीलचा. स्पिंडल 2000 आरपीएम, म्हणजे कटिंग स्पीड 63 मीटर प्रतिमिनिट. धारेला अ‍ॅल्युमिनियम चिकटलं नाही आणि चिप्स खाचेत न अडकता बाहेर उडत राहिल्या. एरवी हेच काम ब्रशने रॉकेल लावत करायचो आणि मधे मधे थांबून धारेवरचा थर खरवडायला लागायचा. फ्लड कुलंटचा, म्हणजे कटरवर सतत धार सोडण्याचा, विचार मी कधीच सोडला होता. चारही बाजूंनी उघडं मशीन, पाणी भिंतीपर्यंत उडतं.

सुरुवात व्हेंचुरीने केली. ठिबकवर खत सोडणाऱ्याला ती समजावायला नको: प्रवाह अरुंद जागेतून पळाला की तिथला दाब पडतो आणि बादलीतलं खत आपोआप ओढलं जातं. इथे पाण्याऐवजी हवा, खताऐवजी सोल्युबल ऑइल (पाण्यात मिसळणारं कटिंग तेल). ओढ चांगली मिळाली, पण हवा आणि द्रव एकमेकांना बांधलेले राहतात. हवा वाढवली की द्रवही वाढतो, बाटलीतली पातळी उतरली की तो कमी होतो, आणि बंद केल्यावर नळीतला द्रव परत खाली जातो. पुढच्या कटची सुरुवात मग कोरडीच होते. म्हणून दोन्ही लाइन वेगळ्या केल्या: हवेला स्वतःचा रेग्युलेटर, द्रवाला स्वतःचा नीडल व्हॉल्व्ह (प्रवाह अगदी बारीक लावता येणारा), आणि दोघांची भेट थेट नोझलच्या तोंडाशी.

सगळ्यात जास्त वेळ या नोझलवर दिला आणि तो द्यायलाच हवा असं माझं मत आहे. गुरांच्या औषधांच्या दुकानात धातूच्या बुडाची 18 गेजची सुई मिळते. बाहेरून 1.27 मिमी, आतून 0.84 मिमी. तिचं तिरकं टोक डायमंड फाइलवर सपाट केलं. घासताना आत बारीक तार घालून ठेवायची, नाहीतर बर (घासताना कडेला उरणारी धातूची बारीक किनार) आत वळते आणि भोक अर्धं बुजतं. बॉडी पितळी रॉडची: मागून 5 मिमीचं भोक, सुईच्या बुडाची बैठक आणि पुढचं 2 मिमीचं तोंड, सगळं लेथवर एकाच पकडीत. जॉब (ज्यावर काम चाललंय तो तुकडा) काढून उलटा धरला की तोंड आणि बैठक एका सेंटरवर राहत नाहीत. हवा बाजूने आत येते आणि सुईभोवतीच्या फटीतून निघते. सुईचं टोक तोंडाबाहेर जेमतेम अर्धा मिमी.

सुई मधोमध आहे का, हे बघायला पुठ्ठ्याचा तुकडा चार बोटांवर धरायचा आणि क्षणभर फवारायचं. ओला डाग गोल आला तर ठीक, चंद्रकोरीसारखा आला तर सुई एका बाजूला झुकलीय.

3 बार दाबाला ही फट मिनिटाला 80 लिटरच्या आसपास हवा खाते. 2 एचपीचा कंप्रेसर तेवढं देतो, पण फारसा विसावा घेत नाही. बारीक काम असेल तर मी 2 बारवर चालवतो.

द्रवाची टाकी म्हणजे बागेत वापरतात तो 2 लिटरचा हातपंपाचा फवारा. मोंढ्यात शेती अवजारांच्या कुठल्याही दुकानात मिळतो आणि दाब सोडणारा व्हॉल्व्ह त्यावर आधीपासूनच असतो. त्याला कंप्रेसर जोडायचा नाही, रेग्युलेटर फसला तर प्लॅस्टिक फुटेल. अर्धा भरून हातानेच दाब द्यायचा. द्रव इतका कमी लागतो की तासाला चार दट्टे पुरतात. हवा बंद ठेवून नीडल व्हॉल्व्ह सेकंदाला एका थेंबावर लावतो. म्हणजे मिनिटाला साधारण 3 मिली. हवा सुरू झाली की तोंडाशी ओढ बसून प्रमाण थोडं वाढतं, तेवढं धरून चालायचं.

पाण्याबद्दल आपल्या भागातल्यांनी खास लक्ष द्यावं. बोअरचं पाणी जड. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम सोल्युबल ऑइलमधल्या इमल्सिफायरला (तेल पाण्यात मिसळून ठेवणाऱ्या घटकाला) धरतं, वर साय येते आणि तीच सुईत अडकते. मी आरओचं पाणी घेतो, 1 भाग तेलाला 20 भाग पाणी. तेल पाण्यात ओतायचं, पाणी तेलात नाही. उन्हाळ्यात मिश्रणाला लवकर वास लागतो, म्हणून लागेल तेवढंच करायचं. आणि रॉकेल मिस्टमध्ये कधीच घालायचं नाही. ब्रशने लावणं वेगळं, हवेत फवारलेलं रॉकेल एका ठिणगीने पेट घेतं.

आता फुफ्फुसांचं. अमेरिकेच्या नायॉश (NIOSH) या कामगार-आरोग्य संस्थेने 1998 मध्ये कटिंग फ्लुइडच्या हवेतल्या कणांसाठी सुचवलेली मर्यादा घनमीटरला 0.4 मिलिग्रॅम आहे. म्हणजे फारच थोडं. म्हणून मला धुकं नकोच आहे, जॉबवर जाऊन बसणारे जाड थेंब हवेत. शेडमधला दिवा घालवून नोझलच्या मागून टॉर्च मारला की लगेच कळतं: प्रकाशात पांढरा धूर तरंगत असेल तर हवा कमी करायची. धूर विरून फक्त कटरकडे जाणारी रेघ उरली की तिथेच थांबायचं. त्याशिवाय मशीनमागच्या खिडकीत बाहेर ओढणारा पंखा लावलाय, आणि तो सुरू केल्याशिवाय मी मिस्ट उघडत नाही.

एक गोष्ट अजून बाकी आहे. व्हॉल्व्ह टाकीजवळ असल्याने बंद केल्यावर नळीत उरलेला द्रव थोडा वेळ ठिबकत राहतो. 24 व्होल्टचा छोटा सोलेनॉइड (विजेवर उघडबंद होणारा व्हॉल्व्ह) थेट नोझलच्या मागे बसवणार आहे आणि हवेचा सोलेनॉइड त्यानंतर सेकंदभराने बंद होईल अशी जोडणी करणार आहे, म्हणजे सुईही पुसली जाईल. स्टीलवर कार्बाइडचा कटर चालवताना मात्र सध्या फक्त हवा ठेवतो, कारण तापलेल्या धारेवर मधेच गार द्रव पडला की बारीक तडे जातात. तिथे कोणी मिस्ट वापरत असेल तर कार्बाइडचा ग्रेड आणि स्पीड नक्की कळवा.