दवाखान्याचं चिन्ह आणि लाल प्लस

चिन्ह काढायला पंधरा दिवस लागले. पुढचा दीड महिना गेला तो एका लाल प्लसपायी. अजून आठवलं की डोकं तापतं.

माझा दवाखाना जुन्नरला. बोर्ड बदलायचं ठरलं तेव्हा स्टेथोस्कोप, ईसीजीची रेघ असलं काही नको, इथलंच काहीतरी हवं, हे पक्कं होतं. आधी सुचला नाणेघाटातला दगडी रांजण. आईने ऐकताच मोडता घातला, "जकातीचा रांजण डॉक्टरच्या दारावर? लोक म्हणतील, आधी पैसे टाका." तिचं बरोबर होतं. त्याच घाटात सोपाऱ्याच्या गोविंददासाने पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं, दान दिल्याचा ब्राह्मी लेख आहे. कुणाची तहान भागावी म्हणून कातळ खोदून घेणारा माणूस! मला तेच हवं होतं. लेण्यांवरची पिंपळपानी चैत्यकमान आणि तिच्या पोटात पाण्याच्या रेघा, असं चिन्ह ठरलं. (हिरवा रंग टाळा. कमान पानासारखी दिसते, आणि पेशंट विचारतात, "मॅडम, आयुर्वेदिक आहात का?" मी कातळाचा काळपट राखाडी घेतला.)

डिझायनरने फाइल पाठवली ती कमानीवर लाल प्लस बसवूनच. मी काढायला सांगितलं. उत्तर आलं, "मॅडम, सगळेच लावतात."

लावतात, खरं आहे. मीही दहा वर्षं लेटरहेडवर लावला होता. पण पांढऱ्यावरचा लाल क्रॉस ही डॉक्टरांची खूण नाहीच. 1864 पासून ती युद्धात जखमींची शुश्रूषा करणाऱ्यांची खूण आहे. ती दिसली की गोळी झाडायची नाही. आपल्याकडे जिनिव्हा करार अधिनियम, 1960 च्या कलम 12 नुसार केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय ती वापरता येत नाही. हे मी फोनवर तीनदा समजावलं. दुसऱ्या फाइलमध्ये प्लस होताच, फक्त कोपरे गोल केलेले. तिसऱ्यात लालचा मरून झाला. चौथ्या वेळी रंग उलटे करून आले, लालवर पांढरा प्लस. तो तर स्विस झेंडा, आणि त्यालाही त्याच कलमात मनाई!

शेवटी प्लस नसलेली फाइल हातात आली, ती मी स्वतः बोर्डवाल्याकडे नेऊन दिली. आठवड्याने बोर्ड आला. कमान सुंदर, अक्षरं सुंदर, आणि उजव्या कोपऱ्यात वीतभर लाल प्लस. "रात्री पेशंटला दवाखाना कळणार कसा? त्याचे पैसे नाही घेतले," तो म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण मी बोर्ड परत पाठवला. पत्रा नवा, छपाई नवी, आणखी बारा दिवस. त्या बारा दिवसांत दारावर नुसता कागद चिकटवून ओपीडी चालवली.

म्हणून सांगते, ऑर्डरच्या कागदावरच लिहून घ्या: "प्लस कुठेही नको, कुठल्याही रंगात नको." तोंडी सांगितलेलं त्या कारागिराच्या हातापर्यंत पोचत नाही. रात्री दवाखाना कळावा म्हणून आम्ही "दवाखाना" हाच शब्द मोठा करून आतून एलईडी लावले. आजवर कुणी चुकलेलं नाही.

एक राहिलंच. पैसे देण्याआधी चिन्हाचा रबरी शिक्का करून बघा. माझ्या चिन्हात आधी पाण्याच्या तीन रेघा होत्या. शिक्क्यात शाई भरून त्यांचा डाग झाला. दोन ठेवल्या, तर सर्टिफिकेटवर नखाएवढी कमानही स्वच्छ उमटते. आणि कोरलची (ज्या सॉफ्टवेअरमध्ये चिन्ह काढलं त्याची) मूळ फाइल मागून घ्या, जेपीजीवर भागवू नका. मला ती मागायला पुन्हा त्याच डिझायनरला फोन करावा लागला.